हिलालचा 'डू'

हिलाल धनसिंगच्या सदऱ्याचं वरचं बटन कधी जागेवर नसायचं. मनात काही खदखदू लागलं की त्याचा हात आपोआप गळ्याशी जायचा आणि बटन गोल गोल फिरू लागायचं. जळगावच्या कॉलेजातल्या चार वर्षांत त्याचा एक सदरा धड राहिला नाही.

सुरुवात पहिल्याच आठवड्यात झाली. हिलाल धुळे तालुक्यातल्या, पांझरेकाठच्या खेड्यातला. घरची भाषा अहिराणी. तिथं बापाला तू, आजीला तू, देवाला तर तूच. मान असतो तो 'आबा', 'अक्का' या हाकेत. पुढं वाक्य तूचंच. तोच हिलाल पुण्याकडून आलेल्या सरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तू काय सांगस ते समजनं नही." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. तेव्हापासून तो प्रत्येक वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघायचा, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची.

पुढं त्याच सरांकडं त्यानं जर्मन घेतलं. कारण एवढंच, की त्या तासाला सगळेच अडखळत. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. "परक्या माणसाला चुकूनही डू म्हणायचं नाही. त्यांना तो अपमान वाटतो." बोलताना सर आपल्याकडंच बघत होते असं हिलालला वाटलं. त्यानं 'झी' वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला, खोलीच्या दारामागंही लिहिला. नेमलेल्या पुस्तकात आम्लं, क्षार आणि तापमान होतं. पण शनिवारी तास संपल्यावर सर व्हरांड्यात थांबत आणि हौसेनं रोजचं बोलणं शिकवत. कसे आहात, काय घेणार, पाणी गरम आहे का. तिथं चार-पाचच मुलं थांबत. हिलालचा एकही शनिवार चुकला नाही.

सत्तावन्न साली धुळ्याच्या एका गिरणीनं जर्मनीहून कातणीची यंत्रं आणवली. ती बसवायला केलर नावाचा पन्नाशीचा फिटर आला. त्याला इंग्रजीचे जेमतेम चार शब्द यायचे. गिरणीनं कॉलेजात विचारणा केली, सरांनी हिलालचं नाव कळवलं. बी.एस्सी. होऊन सहा महिने हिलाल घरी कपाशीत फिरत होता, आणि यंत्राखेरीज दुसरं काम त्याला नको होतं. मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. साहेबांना पसंत पडलास तर खात्यात कायम. नाहीतर आपलं घर बरं."

हिलाल धुळ्यातच, मंजुळाबाई मावशीकडं उतरला.

गिरणीतल्या लोकांनी केलरचं लगेच 'केळे' करून टाकलं. निंबा जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, मिशीत हसत म्हणाला, "केळे? मंग हाऊ केळीसना रावेरकडला शे का?"

पण हिलालला हसू सुचत नव्हतं. आम्लाला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं, स्क्रूला काय म्हणतात ते नव्हतं. सोमवारी केलर यंत्राखाली आडवा झाला आणि हात बाहेर काढून ओरडू लागला, "मुटर! मुटर!" व्हरांड्यात शिकलेला मुटर म्हणजे आई. हिलाल गोंधळून उभा.

"काय म्हनस रे तो?" निंबानं विचारलं.

"माय, माय म्हनस."

"माय याद उनी का त्याले? इतली मोठी मिशी, आन..."

केलरनं खालूनच बोल्ट दाखवला, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडं नटालाही मुटरच म्हणतात. हिलालनं तो शब्द वहीत टिपला आणि बटन फिरवत राहिला. मंगळवारपर्यंत वहीची तीन पानं भरली. प्रत्येक वाक्यात झी होता. झी बसा, झी बघा, झी पाणी घ्या.

बुधवारी दुपारी केलर खोक्यावर बसला होता. पाहुणेघरातून आलेला डबा उघडा होता आणि तो नुसता त्याच्याकडं बघत होता. चेहरा पिवळा पडलेला. सोमवारपासून त्यानं धड दोन घास खाल्ले नव्हते, हे हिलालच्या ध्यानात होतं. बापानं शेतात भाकर तशीच गुंडाळून ठेवली की हिलाल जसा विचारायचा, तसंच तोंडातून निघून गेलं. या वेळी वाक्य मनातून दोनदा फिरलंच नाही.

"वारुम इस्ट डू निश्त?" तू का जेवत नाहीस?

केलरनं मान वर केली. डोळे मोठे झाले. डबा बाजूला सारून तो उठला आणि लांब ढांगा टाकत निघून गेला.

हिलालच्या हातात बटन तुटून आलं.

गुरुवारी केलर आलाच नाही. शुक्रवारी अर्धा दिवस आला, पण नुसत्या बोटानं खुणा करत होता. निंबा म्हणाला, "साहेबले काय बोलना रे तू? तोंड फिराई ऱ्हायना."

"'तू' म्हनी गऊ मी त्याले."

"मंग? मी बी तुले तूच म्हनस ना."

संध्याकाळी हिलाल मावशीच्या ओसरीवर येरझाऱ्या घालू लागला. मग पांझरेपर्यंत जाऊन आला. परत येरझाऱ्या. मंजुळाबाई सदऱ्याला बटन लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला. "बस ना रे भो एक जागावर. मन्ही ओसरी घसी जाई."

तो बसला नाही. उद्या शनिवार. माफी मागायची तर तेवढं जर्मन हवं, आणि तेवढं जर्मन असतं तर माफीची वेळच आली नसती. चालता चालता त्यानं जवळ होते तेवढे शब्द जुळवले.

सकाळी मॅनेजर यायच्या आत तो केलरसमोर उभा राहिला. "हेर केलर. बाय उन्स..." आमच्याकडं. पुढं गाडी अडली. "फाटर, डू. ग्रोसमुटर, डू. गॉट, डू." बाप डू, आजी डू, देव डू.

केलर त्याच्याकडं बघतच राहिला. "वास?" काय?

हिलालनं पुन्हा सगळं म्हटलं.

"बाय उन्स आउख," केलर सावकाश म्हणाला. आमच्याकडंही. बाप डू, देवही डू. सरांनी हे व्हरांड्यात कधी सांगितलं नव्हतं.

हिलालनं बुधवारच्या खोक्याकडं बोट दाखवलं, तेव्हा केलरला उलगडा झाला. त्यानं पोटावर हात दाबला, तोंडाशी बोट नेऊन तिखट लागल्यासारखं हाशहुश केलं आणि दोन बोटं खोक्यावरून संडासाच्या दिशेनं पळवत नेली. त्या घटकेला कुणी काय म्हटलं, ते त्याच्या कानावर पडलंच नव्हतं. सगळ्यात आधी निंबा हसला.

मॅनेजर आले. केलर मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हा मुलगा राहील." मग हिलालकडं वळून त्यानं बोट उगारलं, चारी बाजूंना उभ्या कामगारांकडं नजर फिरवली आणि बजावलं, "हिअर, झी." इथं मात्र तुम्ही.

"झी," हिलाल म्हणाला. त्या दुपारी मावशीनं साहेबासाठी ज्वारीच्या कण्या आणि ताक दिलं. केलरनं भांडं पुसून खाल्लं.

रविवारी हिलाल गावी गेला. बाप धनसिंग खळ्यात बसला होता.

"ठेवं का रे तुले गिरनीमा?"

"ठेवं, आबा."

"साहेबले काय म्हनस तू?"

"झी. तुम्ही म्हनतस ना, तसं."

"आन माले काय म्हनशी, त्यासना बोलीमा?"

"डू."

धनसिंगनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. त्याला तो आवडलेला दिसला. "त्या साहेबना पोटमा अन्न नही म्हनस. मंग पुढला रविवारले त्याले आठे जेवाले लयी ये."

"लयी येस."

"आन आठे आपला घरमा त्याले काय म्हनशी? झी का डू?"

केलरनं गिरणीतलं सांगितलं होतं, घरातलं सांगितलंच नव्हतं. मावशीनं दुहेरी दोऱ्यानं पक्कं केलेल्या बटनाकडं हिलालचा हात गेला.