फेंडर वाजवून घेणारे काका

मला वाचवलं ते आमच्या गल्लीतल्या काकांनी. हे आधी सांगून टाकतो, कारण काय झालं ते सांगायला बसलो की मी आजही घाबरतो, भलतीकडेच जातो, आणि ज्याचे आभार मानायचे तो माणूस राहून जातो.

तुम्ही रायपूरजवळ चरोद्याला राहिला असाल तर त्यांना पाहिलंच असेल. कुठलीही वस्तू हातात आली की उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं, पेराने दोनदा ठोकायचं आणि मान तिरपी करून ऐकायचं. माठ ठोकला, पपई ठोकली, इथवर ठीक आहे. काका नवं कुलूप ठोकत. शेजाऱ्यांकडे नवा फ्रीज आला तेव्हा गल्लीतली सगळी माणसं बघायला जमली होती. काकांनी तोही ठोकला आणि निकाल दिला, "चांगला आहे. पण रिकामा आहे."

नोकरीच तशी होती त्यांची. रेल्वेच्या यार्डात मालगाड्यांची चाकं हातोडीने ठोकत जायचं. खणखणीत वाजलं की पुढचं चाक. आवाज बसका आला की तडा आहे, डबा बाजूला काढा. रिटायर झाले तेव्हा हातोडी जमा करून आले, सवय मात्र घरी घेऊन आले.

"लोखंड खोटं नाही बोलत बे," ते म्हणायचे. "माणूस बोलते."

मी दिग्रसकडचा. शाळा आठवीत सुटली. पुढे ड्रायव्हिंग शिकलो आणि ओळखीओळखीने इतक्या लांब येऊन पोचलो. जुनवानीत एका मॅडमची गाडी चालवतो. मॅडम कॉलेजात शिकवायच्या. आता डोळ्यांमुळे स्वतः चालवत नाहीत. दिवसभर हिंदी बोलायचं आणि चरोद्याच्या खोलीवर येऊन आईला फोन लावला की तेवढी मराठी. नवा होतो तेव्हा एका संध्याकाळी फोनवर म्हणालो, "मले इथं करमत नाही वं माय." तर भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "माय काय करीन तिथून? इकडं ये, चहा झाला आहे."

तो चहा म्हणजे साखरेचा पाक होता. तरी मी रोज जाऊ लागलो.

काकांची स्कूटर हा गल्लीचा करमणुकीचा विषय होता. पुढचा मडगार्ड निळा, हँडलचं डोकं पांढरं. उजवा पॅनल हिरवा, आणि डावा पॅनल तर नव्हताच. तिथे तेलाचा डबा कापून काढलेला पत्रा तारेने बांधला होता, त्यावर अजून अर्धं सूर्यफूल दिसायचं. वर पुन्हा हेच काका लोकांना सल्ला देणार, 'सामान ओरिजनलच घ्यावं.' मी एकदा विचारलं, "काका, तुमच्या या स्कूटरले ओरिजनल काय आहे?"

"चालवणारा," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "त्याचे बी दात बदलले."

आता जे झालं ते सांगतो. मॅडम बहिणीकडे जबलपूरला गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. शुक्रवारी गाडी धुऊन ठेव म्हणाल्या होत्या, म्हणून मी ती कुरुदच्या वॉशिंग सेंटरला नेली. धुऊन चकाचक झालेली गाडी बाहेर काढताना गेटच्या लोखंडी खांबाला डावी बाजू लागली. पुढच्या चाकावरचा पत्रा, म्हणजे फेंडर, कागदासारखा चुरगळला. बंपरचा कोपरा उचकटला.

माझ्या आधीचा ड्रायव्हर गाडी ठोकली म्हणून गेला, असं शेजारच्या बंगल्याच्या चौकीदाराने मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. माझं काम गेलं तर गावी जाऊन तोंड काय दाखवणार? 'साहेबाची गाडी चालवतो' म्हणून आई सगळ्या आळीला सांगून बसलेली.

गॅरेजातला डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारा, म्हणाला, हा पत्रा सरळ होणार नाही, बदला. शेजारच्याच पार्टच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने दोन वाटा दाखवल्या. "लोकल वाला अभी ले जाओ, परसों रंग होके गाड़ी तैयार. कंपनी का रायपुर से आएगा, मंगल-बुध लगेगा."

परवा म्हणजे रविवार. लोकल लावला तर मॅडम यायच्या आधी गाडी दारात उभी, आणि काही झालंच नाही. कंपनीचा लावला तर मॅडम येणार आणि गाडी गॅरेजात. मग तोंड उघडावंच लागणार. मी लोकल ठरवून टाकला. फक्त दुकानदाराने हलका माल गळ्यात मारू नये म्हणून काकांना बोलावून घेतलं.

काका सूर्यफुलाच्या स्कूटरवरून आले. आधी गाडीचा उजवा, धड असलेला फेंडर ठोकला. मान तिरपी. मग लोकल फेंडर ठोकला. पुन्हा उजवा, पुन्हा लोकल. दुकानदार कंटाळला. "बाबूजी, तबला खरीदने आए हो क्या?"

"तबला होता तो इससे अच्छा बजता," काका म्हणाले.

मग त्यांनी तो बसवूनच दाखवा म्हणून हट्ट धरला. डेंटरने लावला तर बोल्टाची भोकं जुळेनात. त्याने गोल कानस काढली आणि भोक मोठं करायला घेतलं. काका मला म्हणाले, "पाह्य, चूक पत्र्याची, अन् घासून राहिला भोक." कसाबसा बोल्ट बसला. दार उघडलं तर फेंडरच्या कडेला घासलं. कर्र. काकांनी दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं. कर्र, कर्र, कर्र.

"तुह्या मॅडमचे डोळे कमजोर आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् कान?"

काका बंपरकडे वळले. पेराने ठोकला, टप्प. पुन्हा ठोकला, टप्प. चेहरा पडला त्यांचा. प्लास्टिकशी त्यांचं कधीच जमलं नाही. "हा मुका आहे," ते म्हणाले. "याची साक्ष नको घेऊ. याची क्लिप तुटली आहे, ते लोकल लावली तरी चालते. फेंडर मात्र कंपनीचा लाव."

"काका, कंपनीचा लावला तर मॅडमले सांगा लागते."

"मंग सांग."

"काम जाईन माझं."

"जाईन बी," काका म्हणाले. मला वाटलं होतं, 'काही होत नाही' म्हणतील. नाही म्हणाले. दुकानाबाहेरच्या बाकावर बसले, बाजूची जागा हाताने झटकली. "लाव फोन. मी इथंच बसून राहिलो."

मी फोन लावला. घंटी वाजत होती तेव्हा माझ्या पाठीवर काकांचा हात आला, आणि मधल्या बोटाचं पेर दोनदा वाजलं. ठक ठक.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पार्ट कौन-सा लगवा रहे हो?"

"कंपनी का, मॅडम. बुधवार को आएगा."

"ठीक है. तब तक मैं ऑटो से चली जाऊँगी." आणि पुढे म्हणाल्या, "पहले वाले ने बताया नहीं था. चुपचाप दूसरी लाइट लगा दी. बारिश में उसमें पानी भर गया, तब पता चला."

चौकीदाराने मला अर्धीच गोष्ट सांगितली होती. पुढची दहा मिनिटं मॅडमनी माझा अरुंद गेटातून गाडी कशी काढावी याचा तास घेतला. मी 'जी, जी' म्हणत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसायला बरं वाटलं.

फोन ठेवल्यावर काकांना विचारलं, "पाठीवर कावून ठोकलं?"

"तडा पाहून राहिलो होतो."

"अन्?"

"नाही. नुसता घाबरट आहेस."

या हिवाळ्यात काकांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. गुडघे चालेनात. जाताना स्कूटर माझ्या खिडकीखाली लावून गेले. "चालवत जा बे, उभी राहिली की मरते." आता भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड आलं आहे. चांगली माणसं आहेत. मी फोनवर आईशी बोलतो तेव्हा पलीकडून कुणी उत्तर देत नाही, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी मी भंगारवाल्यांकडे त्या जुन्या स्कूटरचा डावा पॅनल शोधतो. मधलं बोट दुमडून एकेक पत्रा ठोकतो, मान तिरपी करतो. भंगारवाले हसतात. मला अजून त्यातलं काही कळत नाही, सगळे सारखेच वाजतात. पण एक दिवस पॅनल मिळेल. तो लावून, ते अर्धं सूर्यफूल उतरवून, मी स्कूटर नागपूरला काकांच्या दारात नेऊन उभी करणार आहे. कंपनीचा मिळाला तर गप्प उभा राहीन, त्यांना ठोकू देईन. लोकलच मिळाला, तर त्यांचं बोट दुमडायच्या आत सांगीन.