मागून धरणारं माणूस

"सायकल शिकायला वयाची अट नसते," असं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. गिताबाईनं ते वाक्य शेजारी शेंगा फोडत बसलेल्या सासूला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वयाची नसंल," चांगुणा म्हणाली, "सासरची असती."

साल शहाण्णव. गिताबाई तेव्हा तिशीला टेकली होती. तिचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. दिवाळी झाली की तिचा बाप तात्याबा मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं दौंडच्या अंगाला उतरायचा, आणि गिताबाई सामानानं लादलेल्या घोड्यावर, कोंबड्या आणि कोकरांच्या मधोमध बसून जायची. शाळेत ती राहिली ती मावशीमुळं. मावशीनं ठेवून घेतलं, सातवी पास करवलं आणि कवठे येमाईच्या बिरदेवला दिली. लग्नानंतर दोनेक वर्षांत बिरदेवच्या घरानं मेंढरं विकली, बोअर घेतलं, कांदा लावला. त्याच आठवड्यात बिरदेव शिरूरहून बायकोला सहावारी साड्या घेऊन आला. "आता कासोटा बंद. आपण आता मेंढरामागची न्हाई," तो म्हणाला. गिताबाईला साड्या आवडल्या होत्या, हे खोटं कशाला सांगा.

पुढं माळावरच्या खालच्या वस्तीत अंगणवाडी निघाली. त्या उन्हातान्हात कोण जाणार, म्हणून गावातल्या शिकलेल्या सुनांनी नाकं मुरडली आणि काम गिताबाईला मिळालं. ती चालत जायची. पोरांना गाणी म्हणायला शिकवायची, वजनं करायची, सुकडी वाटायची. गावात आजवर ती बिरदेवची बायको होती. आता वस्तीवरचे म्हातारेसुद्धा तिला "बाई" म्हणत. या दोन अक्षरांसाठी ती पायपीट करायची म्हटलं तरी चालेल.

मग वरच्या वस्तीचं केंद्र मोकळं पडलं. मुख्यसेविका मॅडम आल्या आणि सरळ म्हणाल्या, "दोन्ही केंद्रं एकाच बाईनं करायची आहेत. सकाळी खाली, दुपारी वर. सायकल आली पाहिजे. शिकलात तर तुम्ही, नाहीतर सायकल येणारी दुसरी बघावी लागेल."

येणारी दुसरी होतीच. गावच्या सोसायटीचे चेअरमन भिमाजी आप्पा यांची सून नीलम शिरूरची, शाळेत सायकलवरनं गेलेली. मॅडमचा चहा त्या दिवशी भिमाजींच्याच घरी झाला होता.

शिरूरच्या एका संस्थेनं अंगणवाडीच्या बायकांना सायकली दिल्या. सोबत प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हणजे एक भाषण, चहा आणि नवशिक्यांसाठीचं पातळसं पुस्तक. सायकलवर कुणी कुणाला बसवलं नाही. गिताबाई एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी आली.

चांगुणा तोंडानं कितीही फटकळ असली तरी दारात आलेल्या वाहनाला तिनं रीतीनं घेतलं. त्यांच्या घरात नवं घोडं आलं की त्याच्या खुरांना करडईचं तेल चोळायचं आणि वर भंडारा टाकायचा. घोडं ठेचकाळत नाही म्हणतात. सायकलीला खूर नाहीत, म्हणून तिनं चाकांच्या चकचकीत कड्यांना चारी अंगांनी तेल चोळलं, भंडारा टाकला आणि पाया पडली. पुढं दर रविवारी ती हे न चुकता करत राहिली. गिताबाईला बरं वाटलं. सासूनं तिच्यासाठी काही करायची ही पहिलीच खेप.

पुस्तकात एक सूचना ठळक अक्षरांत होती. एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा उघडू नये. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला छापलेल्या शब्दाचा धाक जास्त. गिताबाईनं ती सूचना व्रतासारखी पाळली. पहिल्या धड्यात सायकल नुसती हातात धरून चालायचं होतं. ती उजाडता उजाडता खळ्यात चालली. दुसऱ्या धड्यात एक पाय पायडलवर ठेवून लंगडी घालायची, तिसऱ्यात बारीक उतारावर दोन्ही पाय जमिनीला घासत, तोल सांभाळत यायचं. पुस्तक खोटं नव्हतं. लहानपणी घोड्यावरनं उतरणीला अंग कसं मागं टाकायचं हे तिला ठाऊक होतं, आणि तोल तिच्या अंगात लवकर बसला. ब्रेक तेवढा ढिला वाटायचा. नव्या सायकलीचा असाच असेल, असं म्हणून ती पाय टेकवून थांबायची.

साडीचं मात्र पुस्तकात काही नव्हतं. चित्रातली बाई पंजाबी ड्रेसातली. निऱ्या साखळीत अडकून फाटल्या तेव्हा गिताबाईनं ट्रंकेतलं जुनं लुगडं काढलं आणि कासोटा घातला. पाय मोकळे झाले.

बिरदेवनं पाहिलं आणि दारातच उभा राहिला. "हे काय सोंग?"

"साडी साखळीत जाती."

"मग ऱ्हाऊ दे सायकल. सोसायटीच्या निवडणुकीत भिमाजी आप्पा माझं नाव घ्यायचं म्हणत्यात, आन् माझी बायको धनगराच्या वाड्यावरनं आल्यागत हिंडती."

"आलीया ना तिथनंच. तुम्ही कुठनं आलाय?"

त्या रात्री तो दोन घास कमी जेवला.

चौथ्या धड्यापाशी गाडं अडलं. तिथं लिहिलं होतं, "मागून सीट धरायला आपल्या विश्वासाचं माणूस असावं. सोडण्याआधी त्यानं तसं सांगावं." गिताबाईनं घरातली माणसं मनात पुढ्यात घेतली. चांगुणाची कंबर धरलेली. शेजारणी रोजंदारीवर. राहिला नवरा. हे माणूस शोधावं लागतंय, याचंच तिला वाईट वाटलं.

बिरदेव आधी नाही म्हणाला. पण एसटी थांब्यावरच्या टोळक्यानं त्याला छेडलं. "बिरदेव, बायकोला म्हणं पुस्तक शिकवतंय. मग तू काय करतोस घरात?" एवढं झाल्यावर तो एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाला, "चल. ते पुस्तक ठिव घरी." त्यानं जागाही निवडली ती ओढ्याकडे जाणारा उतार, थांब्यावरनं सरळ दिसणारा.

"सोडायच्या आधी सांगा बरं का," सीटवर बसताना गिताबाई म्हणाली.

"व्हय व्हय. तू फुडं बघ."

सायकल निघाली. मागं त्याच्या चपलांचा आवाज येत होता, तोवर तिला कसलं भ्या वाटलं नाही. "जमतंय का?" तिनं विचारलं. उत्तर आलं नाही. हसणं आलं, लांबनं आणि तीन-चार जणांचं. तिनं दोन्ही ब्रेक आवळले. चाकं आपली निवांत फिरत राहिली. ओढ्यावरच्या मोरीला सायकल धडकली आणि गिताबाई खालच्या दगडांवर गेली.

"सोडल्याबिगर कुणी शिकतंय व्हय?" तिला उठवताना बिरदेव म्हणाला. हे तो तिच्याकडे बघून म्हणत नव्हता.

उजवं मनगट मोडलं होतं. शिरूरला प्लास्टर घालून आणल्यावर पडल्या पडल्या तिनं पुस्तक घेतलं. पुढचा धडा आता कुठला पक्का होणार होता, म्हणून पहिल्यांदाच ती पानं सोडून शेवटाकडे गेली. शेवटचा धडा सायकलीच्या निगेचा. "चाकाच्या रिमला तेल लागू देऊ नये. ब्रेक धरत नाहीत." गिताबाईनं भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. कड्यांवर भंडारा तेलात घट्ट बसला होता. हे वाक्य पहिल्या पानावर छापायला त्या शहाण्याचं काय गेलं असतं, असं तिला वाटलं. मग चांगुणा पेज घेऊन आली, म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

आठवड्यानं मॅडम आल्या. गिताबाई डाव्या हातानं चुलीपाशी चहा करत होती. चांगुणा कोपऱ्यात बसली होती.

"कसं करायचं मग?" मॅडमनी विचारलं. "वर नाव कळवायचं आहे."

गिताबाई तोंड उघडायच्या आत बिरदेव म्हणाला, "तिला न्हाई जमायचं, मॅडम. हात मोडून घेतला. तुम्ही आपल्या नीलमताईंचं नाव टाका. घरची आमची काही हरकत न्हाई."

तो इतक्या अदबीनं बोलला की गिताबाईला कळलं, हे बोलणं थांब्यावर आधीच ठरलेलं आहे. सोसायटीतली जागा आणि तिची अंगणवाडी यांचा सौदा झाला होता. ती चुलीपासून उठून पुढं आली.

"मला जमतंय, मॅडम," ती म्हणाली. "ब्रेक लागला न्हाई, म्हणून पडले. चाकाला तेल लावलं होतं."

"तेल? कुणी लावलं?"

कोपऱ्यातली बांगडी वाजली. गिताबाईनं तिकडं पाहिलं नाही.

"सासूबाईंनी. त्यांना म्हाईत नव्हतं. आन् मागं धरलं होतं ह्यांनी, न सांगता सोडलं. ह्यांना म्हाईत होतं."

मॅडमनी चहा अर्धाच प्याला. प्लास्टर निघेपर्यंत नाव कळवत नाही, म्हणाल्या, आणि निघाल्या. त्यांच्या जीपचा आवाज विरल्यावर चांगुणा बोलली, "परक्या बाईफुडं माझा देव काढलास." त्यानंतर ती गिताबाईशी बोललीच नाही. काय सांगायचं असेल ते भिंतीला सांगे. "ज्वारी निवडायची राहिली." "दळण संपलं." बिरदेवनं त्या रात्री अंथरूण कांद्याच्या चाळीत हलवलं. कांदा विकून चाळ मोकळी झाली तरी ते तिथंच राहिलं. सोसायटीच्या निवडणुकीत त्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्याचा हिशेबही तिच्याच नावावर लागला.

प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडं बसलं. गिताबाईनं राखेनं चाकं घासली, कासोटा घातला आणि उरलेले धडे एकटीनं केले. कुणी धरायला नसलं तरी सायकल येते, फक्त जास्त वेळा पडावं लागतं. मॅडमनी स्वतः येऊन तिला खालच्या वस्तीवरनं वरच्या वस्तीवर जाताना पाहिलं, तेव्हा दोन्ही केंद्रं तिच्याकडे राहिली.

चांगुणा दोन हजार चारच्या उन्हाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला पाणी गिताबाईच पाजत होती. म्हातारी पाणी प्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

पुढच्या वर्षी शिरूरला नव्या सेविकांच्या शिबिरात गिताबाईला बोलावलं. तेच पुस्तक पुन्हा छापून आलं होतं. आता चित्रातली बाई साडीत होती. संस्थेच्या साहेबांनी गिताबाईची ओळख करून दिली आणि टाळ्या झाल्या. पुस्तकाचा उपयोग झाला का, असं त्यांनी विचारलं. झाला, असं ती म्हणाली. त्यांना तेवढंच हवं होतं.

मागच्या रांगेतली नकुशी नावाची एक तरुण बाई उठली. तिच्या मांडीवर पुस्तक होतं आणि ते तिनं उघडलं नव्हतं.

"बाई, तुम्ही शिकलात तवा घरच्यांचं कसं केलंत? नवऱ्याचं?"

हॉलमध्ये पंखा फिरत होता. पुढच्या रांगेतल्या बायकाही मागं वळून बघू लागल्या.

"सायकलीचं काही विचारायचं असंल तर विचार," गिताबाई म्हणाली.