काळ्या फडक्यातलं बी

राळेगावहून सकाळची एसटी धरली तेव्हा मांडीवर बियांची पेटी होती. मी चौथी शिकलेला. यवतमाळला जायचं ते दवाखान्यात नाहीतर कचेरीत. या खेपेला परसबागेचा छंद असलेल्यांच्या मेळाव्यात दुकान मांडायचं होतं. बी सगळं सुमनचं, माझ्या बायकोचं. ती होळीच्या आधी गेली. बी घरात कुजण्यापेक्षा कोणाच्या कुंपणावर चढलेलं बरं, म्हणून निघालो.

कळंबपर्यंत दोन्हीकडं नांगरलेली काळी वावरं (शेतं), उन्हानं तडकलेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबाजी, पेटी काहून कवटाळून बसले? सोनं हाय का?"

"बी हाय."

"मंग ढिली धरा. उबवता का आता?"

लोक हसले. मला हसू आलं नाही.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. टेबलाला सुमनचा तुंबा टांगला (भोपळा वाळवून केलेलं पाण्याचं भांडं) आणि पुड्या मांडल्या. सुमन बी राखेत घोळून फडक्यात बांधायची. जुनी फडकी पाहून शहरातले लोक नाक मुरडतील, म्हणून आदल्या दिवशी मी ती सोडली. दुधीच्या पुरचुंड्या दोन होत्या, एक पांढरी, एक काळी. दोन्ही एकत्र ओतून कागदाच्या पुड्या बांधल्या.

दुपारपर्यंत दुधीच्या तीन पुड्या गेल्या. पहिली घेतली चष्मेवाल्या ताईंनी, नोकरीतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "काका, मी रोज सकाळी दुधीचा रस घेते. आता घरचाच घेईन."

शेजारी ढाणकीचे शेषराव निवडुंग विकत होते. त्यांनी तर्री (तिखट रस्सा) घातलेले पोहे पुढं केले आणि तुंब्याला टिचकी मारली.

"काकाजी, हा घरचाच का?"

"घरचाच. सुमननं लावलेला."

"तुंबा म्हणजे कडू भोपळा. मंग त्याचं बी कुठी ठेवलं?"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. काळं फडकं डोळ्यापुढं आलं. कडू भोपळ्याचा रस पोटात गेला तर माणूस मरतो, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे. मला वाटलं होतं, पांढरं फडकं संपलं म्हणून उरलेली दुधी तिनं काळ्यात बांधली असेल.

तसाच मंचावर गेलो, माईक मागितला. काय बोलणार ते सांगितलं, तर तिथला कार्यकर्ता म्हणाला, "आजोबा, असं सांगाल तर तुमचं काहीच खपणार नाही."

"नको खपू दे."

माझाच आवाज भिंतीवरून परत येत होता. "म्या दुधीचं बी इकलं. त्यात कडूचं मिसळलं. चूक माही हाय. लावू नका, परत आना."

दोन पुड्या परत आल्या. चष्मेवाल्या ताई आल्या नाहीत. सगळं कार्यालय धुंडाळलं, फाटकाशी उभा राहिलो, एसटी स्टँडवर एकेका खिडकीत डोकावलो. चष्मा दिसला की तिकडं धावायचो. त्या कुठंच नव्हत्या. नाव मी विचारलं नव्हतं.

शेवटी घरची गाडी धरली. पेटी पायाशी ठेवली. बाहेर तीच वावरं होती. मला मात्र प्रत्येक कुंपणावर वेल दिसत होता.

म्हणून हे लिहिलं. ताई, तुमच्या वाचण्यात आलं तर ती पुडी चुलीत घाला. वेल चढलाच असेल तर उपटून टाका. आणि दुधी कुठलाही असो, आधी एक चकती जिभेला लावा. कडू लागली तर थुंका, बाकीचा फेकून द्या. सुमन दर दुधीला हेच करायची. मी हसायचो, "चाखूनच पोट भरतं का वं तुहं?" म्हणायचो. कडू तिच्या जिभेवरच थांबायचं, माझ्या ताटात कधी आलं नाही. म्हणून तर काळं फडकं मला ओळखता आलं नाही.