बत्तीसपैकी बत्तीस हजर

माझी पहिली पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला माहीत होतं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, हुद्दा लेफ्टनंट, उत्तरेकडच्या डोंगरातलं एक लष्करी हॉस्पिटल, सर्जिकल वॉर्ड. खाटा बत्तीस. मधोमध बुखारी, म्हणजे लाकडं घालायची पत्र्याची शेगडी. दिवाळी सरली की बाहेर बर्फ.

हे आत्ता लिहायला बसले त्याला कारण आमची सांगलीच्या चर्चची मंडळी. दर वर्षी येशूने सांगितलेल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर, म्हणजे बोधकथेवर, उपदेश होतो आणि दर वर्षी मला दातावर दात धरून बसावं लागतं. पाळकसाहेब भले आहेत, आवाजही खणखणीत आहे. पण नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाचं सांगून झालं की ते विचारतात, "आपल्यातलं हरवलेलं मेंढरू कोण?" आणि अख्खं देऊळ मान खाली घालतं. सगळ्यांना मेंढरूच व्हायचंय. खांद्यावर बसून घरी यायला कुणाला नको?

गेल्या महिन्यात महिला मंडळाने मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगायला, उभं केलं. "मेजरआजी, तुम्ही कधी हरवला होतात का?"

"मी मोजत होते," मी म्हटलं.

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. आजींचं वय झालं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा लिहूनच देते. मध्ये कुणी बोलायला नको.

वॉर्डाचा नेम असा. ०६०० ला गिनती, ०६३० ला ताप बघणं, ०८०० पासून ड्रेसिंग, १४०० ला पुन्हा गिनती. गिनती म्हणजे माझा जीव की प्राण. कडक स्टार्चचा पांढरा युनिफॉर्म, खांद्यावर दोन तारे, हातात पेन. खाटांच्या पायथ्याशी पेन रोखत लेफ्टनंट मॅडम एका टोकापासून दुसऱ्या टोकाला एका दमात जायच्या आणि रजिस्टरात बत्तीसपैकी बत्तीस लिहायच्या. लहानपणी चर्चच्या शब्बाथशाळेत मी दाखले धडाधड म्हणून बक्षिसं मिळवली होती. गिनतीही तशीच म्हणायची. अर्थाचा त्रास दोन्हीकडे नव्हता.

खाट नऊवर लान्स नाईक बिरा खरात होता. माण तालुक्यातला, म्हसवडच्या पुढच्या एका वाडीचा. पोटरीत स्प्लिंटर घुसलेलं, टाके घातलेले. घरचा धंदा मेंढरं. हे कळलं तेव्हा माझ्या अंगात धर्मोपदेशक संचारला. एका रविवारी ड्रेसिंग करता करता मी त्याला हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला, अगदी हावभावासकट. त्याने शेवटपर्यंत ऐकला.

"आवं सिस्टर, त्यो मेंढका नवा व्हता का?"

"नवा? का?"

"शंभर मोजून एक कमी हाय हे त्याला कळलं म्हणता. आमच्यात मोजत न्हाईत. कळपाकडं नुसतं बघितलं की कळतं, कोण न्हाई त्ये. एकाचा कान फाटका, एक नेहमी मागं ऱ्हातंय, एक लय खादाड. मोजून काय कळतंय? दुसऱ्याचं एखादं घुसलं तरी शंभर भरत्यात की."

मी म्हटलं, "दाखल्याचा अर्थ आध्यात्मिक असतो, खरात. पाय हलवू नका." टाक्यांवरची पट्टी जरा जोरातच ओढली. तो हसला. आज आठवलं की त्या लेफ्टनंट मॅडमच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

खाट सतरावर हिमदंशाचा एक शिपाई होता. बोटं वाचली होती, पण बोलत नव्हता. गस्तीवर त्याने धरलेली वाट चुकली आणि त्याच्या जोडीदाराचे दोन्ही पाय गारठले होते. तो जोडीदार खालच्या बेस हॉस्पिटलात होता. त्याचे पाय कापले, ही बातमी एके दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी वॉर्डात आली.

१४०० ला मी गिनती घेतली. बत्तीसपैकी बत्तीस.

१४२० ला बिरा लंगडत माझ्या टेबलाशी आला. "सिस्टर, किसन कुठं हाय?"

"कोण किसन?"

त्याने खाटेकडे बोट केलं. "सतरा नंबर."

"खाटेवर. आत्ताच गिनती झाली."

"त्यो किसन न्हाई. पांघरुणात दुसरं कोणतरी झोपलंय. किसन झोपल्यावर पाय बाहेर ठेवतो, बोटांची आग व्हती त्याच्या."

मी बसल्या जागेवरून मान वळवली. सतरावर डोक्यापर्यंत ब्लँकेट ओढलेला माणूस होता. एक खाट, एक माणूस. उठून तिथपर्यंत जायला वीस पावलं. मी उठले नाही.

"बत्तीस आहेत, खरात. जागेवर जा."

"दहा मिनिटं सोडा. लाकडाच्या वखारीमागं ओढ्याची खोल वगळ हाय, तिकडं गेला असंल. बातमी आल्यापास्नं खिडकीतनं तिकडंच बघत व्हता."

"जागेवर जा. दिस इज ॲन ऑर्डर."

"व्हय," तो म्हणाला आणि गेला. मला वाटलं जागेवर गेला. तो स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडला होता, पायात हॉस्पिटलचे कॅनव्हासचे बूट, अंगावर हॉस्पिटलचा निळा पायजमा आणि कुकचा कोट.

१५०० ला बर्फ पडायला लागलं. १५१० ला सतरा नंबरचं ब्लँकेट बाजूला झालं आणि त्यातून मेडिकल वॉर्डातला एक हवालदार उठून बसला. त्यांची बुखारी विझली होती. सतरा नंबर आमच्या बुखारीला लागून. खाट मोकळी दिसली म्हणून ऊब घ्यायला येऊन झोपला होता. "बहुत अच्छी नींद आई, सिस्टर," असं म्हणून तो गेला.

मी अलार्म दिला. शोधायला पार्टी निघाली. तोवर वाटांवर बर्फ भरला होता. मी टेबलाशी उभी होते. प्रार्थनासुद्धा सुचली नाही, आणि मला तर एकूणएक प्रार्थना पाठ होत्या.

१६४० ला बिरा आला. किसन त्याच्या पाठीवर. बिराचे टाके उसवले होते, पायजमा गुडघ्याखाली लाल. किसन जिवंत होता, शुद्धीत नव्हता. मी टाके घालायची तयारी करताना विचारलं, "काय म्हणालात त्याला?"

"काय न्हाई. शेजारी बसलो. लय येळानं त्योच म्हणला, तुमाला थंडी वाजतीया, चला. उठाया गेला आन पडला. मग घेतला पाठीवर."

इथवर गोष्ट उपदेशाच्या कामाची आहे. पाळकसाहेब इथेच थांबतील. मला थांबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी १००० ला चौकशी झाली. कमांडिंग ऑफिसरनी विचारलं, "सिस्टर, काल १४०० ची गिनती बरोबर होती?"

"येस सर. बत्तीस."

"सतरा नंबरवर माणूस होता?"

"येस सर."

दोन्ही उत्तरं अक्षरशः खरी. आयुष्यात एवढं चोख खोटं मी पुन्हा कधी बोलले नाही.

बिरा म्हणाला, "साब, वो दूसरा आदमी था." सी.ओ.नी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे बघितलं. रजिस्टरात माझं सुंदर अक्षर होतं. किसन तापाच्या ग्लानीत होता, त्याचा जबाब नाही. हवालदाराला कुणी विचारलंच नाही, कारण बाकी वॉर्ड दुपारच्या झोपेत होता, सतरावर दुसरा माणूस होता हे फक्त मला आणि बिराला माहीत होतं, आणि बिराने त्याचं तोंड बघितलं नव्हतं. कागदावर अर्थ एकच निघाला. १४०० ला दोघेही हजर, म्हणजे दोघं ठरवून बाहेर गेले, आणि लान्स नाईकने सिस्टरचा हुकूम मोडला. किसन आजारी म्हणून सुटला. बिराची फीत गेली. तो पुन्हा शिपाई झाला.

डिस्चार्जच्या दिवशी त्याने सॅल्यूट केला. "सिस्टर, हितनं म्होरं गिनती करताना पांघरूण बाजूला सारत जावा."

मला तो उर्मटपणा वाटला. पण सबंध नोकरीत मी पांघरूण सारल्याशिवाय एकही गिनती केली नाही. जवान वैतागायचे. मेजर झाले तरी सारत होते.

दीड वर्षाने बिरा खरात पुढच्या ठाण्यावर गेला. पाण्यासाठी बर्फ भरून आणायला निघाला होता, कडा कोसळला. त्यात कसलाही दाखला नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात शिपाई लिहिलं होतं.

चाळीस वर्षं मी उपदेश ऐकले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर तर इतके ऐकले की त्या पुत्राचा मला कंटाळा आला. बापाचा पैसा उडवला, डुकरं राखली, घरी आला, बापाने मिठी मारली, अंगठी घातली, सगळ्यांचे डोळे ओले. अहो, घरात एक मोठा भाऊ होता. हुकूम कधी न मोडलेला, शेतातून वेळेवर येणारा. दाराबाहेर तोंड फुगवून उभा राहिलेला. त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलून पाळकसाहेब गीत क्रमांक सांगतात. तो मोठा भाऊ म्हणजे मी, हातात पेन घेऊन.

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याला माजी सैनिकांच्या कचेरीतून बिराच्या घरचा पत्ता काढला. नातीला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. सांगलीहून एस.टी. धरली, म्हसवडला उतरले, पुढे वडापच्या जीपने वाडीपर्यंत. गाडीत बोलायचं सगळं पाठ केलं. उधळ्या पुत्रानेही वाटेत भाषण पाठ केलं होतं, हे मला तेव्हा आठवलं आणि स्वतःचाच राग आला. या वयातही पाठांतरच.

मारुतीच्या देवळापुढे हुतात्म्याचा दगड होता. शिपाई बिरा खरात. तो मी चष्मा पुसून दोनदा वाचला.

बिराची बायको हिराबाई माझ्याच वयाची. चुलीपुढे भाकरी करत होती. मी नाव सांगितलं, नोकरी सांगितली आणि उभ्यानेच सुरू केलं. "हिराबाई, तुमच्या मालकांचा मी मोठा अपराध..."

"सतरा नंबरचं व्हय?" ती म्हणाली. "आवं बसा की. त्यांनी सांगितलं व्हतं. सुट्टीवर आलं तवा. लय हसत व्हतं."

"हसत होते?"

"व्हय. म्हणलं, पोरगी हाय, गिनती चुकली म्हणायला भ्याली."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं मी हे ओझं उराशी धरून फिरले, आणि त्या माणसाने घरी जाऊन ते गमतीवारी सांगून टाकलं होतं. मला विचारायचं तरी. मी गुडघे टेकायची तयारी करून आले होते, आणि आता ते गुडघे टेकले तर उठायला दोन माणसं लागतात.

"मी न्हाई हसले," हिराबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "ते गेल्यावर तर तुमाला लय शिव्या दिल्या. नाव ठावं नव्हतं, मग सिस्टर म्हणूनच दिल्या. रोज."

"द्यायलाच हव्या होत्या."

"किती वर्सं द्यायच्या? दम लागतो माणसाला. किसन येतो पाटणहून दर दिवाळीला. त्याची नातवंडं मला आजी म्हणत्यात. त्याच्यापुढं शिव्या द्यायला बरं वाटंना, मग ऱ्हायलं." तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. "बसा. भाकरी गार व्हतीया."

मी भाषणाचं दुसरं वाक्य काढलं. ती म्हणाली, "आमटी तिखट हाय, आदी जेवा."

जेवताना मी म्हटलं की मी लेखी जबाब देते, वर पाठवते, दगडावरचा हुद्दा दुरुस्त करून घेते.

"दगड कशाला फोडता? वाडीत समदी त्यांना नाईकच म्हणत्यात. तुमच्या लोकांत सांगा. आमच्यातल्यांना ठावं हाय."

दाखल्यात बाप मोठ्या भावाची समजूत घालायला बाहेर येतो. पुढे तो भाऊ आत गेला की नाही, हे लिहिलेलं नाही. गोष्ट दारातच थांबते. यावर मात्र कुणी उपदेश करत नाही. मी आत गेले. बाजरीच्या दोन भाकरी खाल्ल्या. आमटी खरंच तिखट होती.

लेखी जबाब तरीही पाठवला आहे. उत्तर यायचं आहे.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली. स्मरणाच्या रविवारी आपण गेलेल्यांची नावं वाचतो, त्यात हे एक वाचा. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, मग रजिस्टर उघडून बोट फिरवत खालपर्यंत गेले.

"मेजरआजी, पण हे आपल्या यादीत नाहीत."

"यादी मिटा," मी म्हटलं. "हुद्द्यासकट वाचा. लान्स नाईक बिरा खरात."