चुकलेले दोन टाके

ओल्या लोकरीचा वास आला की टिटवाळ्याच्या आमच्या बाल्कनीतली ती दुपार आठवते. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि कपाट आवरताना तिने स्वतः विणलेला मोरपंखी स्वेटर हाती लागला. तशी लोकर आता मिळत नाही. मला विणायचा नाद. पिशवीत चार कामं अर्धवट पडलेली, तरी हात शिवशिवले. अख्खा स्वेटर उसवला, लोकर धुतली आणि लडी दोरीवर वाळत घातल्या. तेवढ्यात बाबांनी आतून विचारलं, "अगं, हिचा स्वेटर कुठे गं? थंडी पडतेय, जरा जवळ असू दे." मी म्हटलं, "धुवायला टाकलाय." ते बाल्कनीत आले, लडींकडे बघून म्हणाले, "नवीन लोकर आणलीस वाटतं." मी हो म्हटलं. मग ते फिरायला गेले की मी दार लावून विणत बसायचे. तसाच गळा, तशीच वेलीची नक्षी. पंधरा दिवसांनी स्वेटर त्यांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या बाहीच्या मनगटावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "इथे तिचे दोन टाके चुकले होते," ते म्हणाले, "असू दे. छान झालाय." ते टाके मी उसवताना पाहिलेही नव्हते. आता बाबाही नाहीत. ते मनगट उसवून पुन्हा चुकीचं विणायला मी कितीदा तरी बसते, पण नेमके कुठले दोन, हे सांगणारं कुणी उरलं नाही.