धाकट्याचा वाटा

माझ्या काकानं मला आयुष्यात कधी सरळ हात लावला नाही. आधी तो हात उलटा करायचा, बोटांची मागची बाजू माझ्या गालापासून बोटभर लांब धरायचा, क्षणभर थांबायचा आणि मग काय टपली मारायची ती मारायचा. लहानपणी मला वाटायचं, जगातले सगळेच काका असे असतात. मैत्रिणीच्या काकानं एकदा न सांगता माझ्या पाठीत धपाटा घातला तेव्हा मी भोकाड पसरलं. लागलं म्हणून नव्हे, असा आगाऊपणा कुणी करतं हेच मला माहीत नव्हतं म्हणून.

खुर्चीवर बसायच्या आधी हात, दाराची कडी उघडायच्या आधी हात, पाण्याच्या पेल्याला आधी हात. गल्लीतली पोरं त्याला ‘शेकोटी’ म्हणायची. काका हसून सोडून द्यायचा, राग मलाच यायचा. राग माझ्या नाकावर तेव्हाही होता, आजही आहे.

काका ॲल्युमिनियमच्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता. तिथं ही सवय सगळ्यांनाच लागते. लोखंड बिचारं प्रामाणिक असतं, तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियमच्या चेहऱ्यावर काही म्हणून दिसत नाही. नुकती साच्यातून काढलेली कढई आणि वर्षभर फळीवर पडलेली कढई शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं. वितळून पाणी झालं तरी दिवसाउजेडी ते लाल होत नाही, पांढरंच राहतं, आणि हवा लागली की त्यावर दुधासारखी साय धरते. साय बाजूला करावी तर दुसरी हजर. म्हणून कुठल्याही तुकड्याला तिथं कुणी थेट हात लावत नाही. आधी उलटा हात जवळ न्यायचा, आच लागते का बघायचं आणि मगच उचलायचं.

पण बाकीचे लोक संध्याकाळी हातपाय धुऊन ही सवय कारखान्यात ठेवून घरी जायचे. काका ती घरी घेऊन यायचा. त्याचं कारण माझे बाबा.

बाबा काकाचे धाकटे भाऊ, त्याच भट्टीवर त्याच्या जोडीला. कारखान्यात भंगार यायचं: फुटक्या खिडक्या, पंख्याची पाती, तुटक्या शिड्या, घासून भोक पडलेली पातेली. हे सगळं आधी भट्टीच्या काठावर मांडून शेकायचं, कारण ओला तुकडा मुशीत, म्हणजे धातूचा रस करायच्या भांड्यात, गेला तर संपलं. पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळा रस घेऊन ती अंगावर येते. तुकडा कोरडा झाला का, हे काका उलट्या हातानं बघायचा आणि म्हणायचा, “घाल.” मग बाबा घालायचे. वर्षानुवर्षं हेच. काकाच्या हातावर बाबांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

त्या दिवशी एका मोडक्या खुर्चीची नळी काठावर होती. कुणीतरी दोन्ही तोंडं ठोकून चपटी केलेली. काकानं हात धरला, नळी चांगली तापली होती. तो म्हणाला, “घाल.” नळीच्या पोटात पाणी होतं.

बाबा दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. त्यांचा ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा काठावर गरम करायला ठेवला होता, तो त्या धक्क्यानं उपडा होऊन रिकामाच मुशीत पडला आणि डोळ्यांदेखत विरघळून गेला. झाकण तेवढं वाचलं. तापल्यावर ते डब्यावर घट्ट बसतं म्हणून बाबा ते काढून पाण्याच्या पिंपावर ठेवायचे. काका ते झाकण हातात घेऊन घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहून आईला म्हणाला, “मी हात धरून पाहिला होता. मला कोरडी वाटली. मीच घाल म्हणालो.”

आईनं झाकण घेतलं. काकाशी मात्र त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही.

आता कुणाला वाटेल की काका वेगळा राहायला गेला असेल. कुठला जातोय! दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत तो, आतल्या खोलीत आम्ही मायलेकी. त्यानं लग्न केलं नाही, माझं शिक्षण केलं, आजारपणं काढली. आईनं त्याला रोज वेळेवर जेवायला वाढलं, त्याचे भाजके सदरे शिवून दिले. बोलायचं असलं की दोघांच्या मधे मी. “तुझ्या काकांना सांग, पाणी तापलंय.” “तुझ्या आईला सांग, आज उशीर होईल.” दोघं हाताच्या अंतरावर बसलेली असायची. पुढं शाळेत शिकवलं की ॲल्युमिनियम वजनाला हलकं आणि वीज चांगली वाहून नेतं, म्हणून लांबलांबच्या तारा त्याच्या करतात. मी मनात म्हटलं, मला काय सांगता, मी त्याच जातीची आहे.

ते झाकण आईनं रोजच्या वापरात ठेवलं, हे मला कधीच समजलं नाही. घरातली ॲल्युमिनियमची बाकी सगळी भांडी तिनं काढून टाकली, पण दुधाच्या पातेल्यावर झाकण तेच. दूध वर आलं की ते खडखडायचं आणि बाहेरच्या खोलीत काकाची मान ताडकन वर व्हायची. रोज सकाळी. आईला ते ठाऊक होतं आणि काकाला ठाऊक होतं की आईला ठाऊक आहे. मी मधे बसून दूध प्यायची. तेच झाकण लोखंडाचं असतं तर केव्हाच गंजून गेलं असतं आणि आम्ही सुटलो असतो. पण हा धातू स्वतःच्या अंगावर पातळ कातडी धरतो आणि तिच्याआड जसाच्या तसा राहतो. बाबांच्या चमच्याचा एक ओरखडा होता त्याच्या कडेला, तोसुद्धा राहिला.

आणि कारखान्यात काकानं काय केलं? डबा ज्या रसात विरघळला, त्यातला तळाचा थोडा रस त्यानं कुणाला ओतू दिला नाही. तसं बघितलं तर भट्टीवाले थोडा रस ठेवतातच, त्यामुळे पुढचं भंगार लवकर वितळतं. पण काकानं त्याचा नेम केला. रोज शेवटची पळी तळाशी ठेवायची. मूस झिजली, बदलायची वेळ आली की तळाचा रस ओतून त्याची लगड करायची आणि नव्या मुशीत सगळ्यात आधी ती घालायची. कालच्या विरजणावर आजचं दही लावतात, तसं. भट्टीवर तो त्याला ‘धाकट्याचा वाटा’ म्हणायचा. नंतर आलेले कामगारही म्हणायला लागले. “अरे, धाकट्याचा वाटा ठेव,” असं एकमेकांना ओरडून सांगायचे. धाकटा कोण, हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

माहीत होतं ते मळीवाल्याला. रसावरची मळी झाऱ्यानं काढायचं काम त्याचं. तो मला एकदा म्हणाला, “तुझा काका साय बाजूला करू देत नाही बघ लवकर. वाकून बघत बसतो. मी म्हणतो, बाबा रे, तिथं कोण येणार आहे वर? तर म्हणतो, गप, आता हलली होती.” मळीवाला हसला. मी नाही हसले, माझ्या अंगावर काटा आला.

मी आता खिडक्या बनवणाऱ्याकडे काम करते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मापानं कापायच्या, चौकट जोडायची, काच बसवायची. ते नरम असतं, करवत सहज चालते. पण कधीकधी एखादी पट्टी कापताना हात थांबतो. त्या भट्टीतून रोज माल जात होता. त्याची पाती झाली, मुठी झाल्या, शिडीच्या पायऱ्या झाल्या, मोडून पुन्हा भंगारात आल्या, पुन्हा वितळल्या. हा धातू कितीही वेळा वितळवा, कमी म्हणून होत नाही. म्हणजे बाबांचा डबा चिमूटचिमूट गावभर पसरला असणार. कुणाच्या घरी खिडकी सरकवते तेव्हा वाटतं, हे तर नसेल? मग स्वतःलाच शिवी घालते आणि पुढच्या खिडकीला लागते. भीती जात नाही, पण खिडक्या होतात.

यंदा मालकानं कारखाना दुसरीकडे हलवायचं ठरवलं. तिकडं मोठी नवी भट्टी, इकडची फोडून टाकायची. सगळ्यांना वाटलं, काकाला घरी बसावं लागणार म्हणून वाईट वाटेल. काकाला वेगळंच वाईट वाटत होतं. मूस थंड होणार होती आणि पुढं दुसरी मूस नव्हती. त्यानं जेवण सोडलं. आईनं वाढलेलं ताट तसंच परत जाऊ लागलं.

शेवटी तो मला म्हणाला, “तुझ्या आईला विचार, लगड घरी आणली तर चालेल का.”

आई चुलीपाशी होती, तिनं ऐकलं होतं. तरी रीतीप्रमाणे मी आत जाऊन विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “त्यांना विचार, माझ्या माणसाला अजून किती वर्षं उकळत ठेवणार आहेत.”

हे काही मला बाहेर जाऊन सांगावं लागलं नाही. बाहेरच्या खोलीत काका तोंडावर पंचा धरून बसला होता. मला आईचा असा राग आला की विचारू नका. पण तेवढ्यात तिनं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, घासलं, पुसलं, पिशवीत घातलं आणि चपला घातल्या.

“चल,” ती मला म्हणाली. “शेवटचं कधी ओतणार आहेत?”

“आज दुपारी,” मी म्हणाले.

काका आमच्या मागोमाग आला. आईनं कारखाना कधी आतून पाहिला नव्हता. पत्र्याचं उंच छप्पर, काळ्या भिंती, यंत्रं आधीच उचलून नेलेली. मधोमध भट्टी तेवढी घुमत होती. मळीवाला होता, तो आईला बघून उठून उभा राहिला. मुशीत तळाशी थोडासाच रस उरला होता, वर साय धरलेली. आई काठाशी गेली आणि वाकून बघू लागली. काका बघायचा, अगदी तशीच.

मग तिनं पिशवीतून झाकण काढलं आणि काकापुढं धरलं. काकाला ते लगेच कळलं.

“डबा अर्धाच आहे आत,” आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, मला न सांगता, थेट त्याला. “हे घाला, दादा. पुरं होऊ दे.”

काकानं झाकण घेतलं नाही. “ओलं असेल,” तो म्हणाला. “नुकतं घासलंय.”

“मग शेका.”

काकानं झाकण काठावर ठेवलं. आम्ही थांबलो. त्यानं हात उलटा करून जवळ नेला, मागं घेतला, पुन्हा नेला. “मला नाही कळत,” तो म्हणाला, “माझ्या हातावर जाऊ नकोस. मळीवाल्याला बघू दे.”

“तुम्हीच बघा,” आई म्हणाली. ती काठापासून तसूभरही मागं सरली नाही. मी तिचा पदर ओढला, तिनं हिसडा देऊन सोडवला.

काकानं पुन्हा हात धरला. खूप वेळ. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “कोरडं आहे. घाल.”

आईनं चिमट्यानं झाकण उचललं आणि मुशीत सोडलं. काहीही झालं नाही. ते सायीवर तरंगलं. बाबांचा तो ओरखडा मला दिसला. काकानं झाऱ्यानं ते हळूच खाली दाबलं, जसं झोपलेल्या पोराला पांघरूण सारखं करावं. झाकण एका कडेनं मऊ झालं आणि गेलं.

मळीवाल्यानं भट्टी बंद केली. इतकी वर्षं चालू असलेला तो घुमता आवाज थांबला तेव्हा माझ्या कानात कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं. मळीवाल्यानंही मागं वळून बघितलं, खोटं कशाला सांगू. काकानं साच्यात रस ओतला, सगळा, मूस खरवडून. बघता बघता तो घट्ट झाला. मग त्यानं साचा उलटा करून लगड वाळूवर काढली. पांढरी, गुळगुळीत, विटेएवढी.

आईनं हात पुढं केला. काकानं झटकन तिचं मनगट धरलं. थेट, हात उलटा न करता.

“नको. गरम आहे अजून.”

“दिसत तर नाही.”

“ते दिसत नसतं.”

“मग तुम्ही सांगाल तेव्हा लावीन,” आई म्हणाली आणि वाळूपाशी खाली बसली.

काकाही बसला. मधूनमधून उलटा हात लगडीवर धरायचा आणि मान हलवायचा. मी थोडी लांब उभी होते. निरोप सांगायला मला कुणी बोलावलं नाही. उन्हाचा पट्टा छपराच्या भोकातून सरकत भिंतीवर गेला.

“निवलं,” काका शेवटी म्हणाला.

आईनं क्षणाचाही विचार न करता अख्खा तळहात लगडीवर टेकवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण धातूच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. ती दचकली नाही. तिनं डोळे मिटले.

“कोमट आहे,” ती म्हणाली. “माणसाच्या अंगाइतकं.”

काकानं आपला हात सरळ तिच्या हाताशेजारी ठेवला. लगड पूर्ण गार होईपर्यंत दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.