ओंजळ शिकवली तो दिवस

“कोपरं आत घे. मान खाली. वर बघायचं नाही,” मी मधूला सांगत होतो. विहिरीच्या पायरीखाली तो उकिडवा बसला होता. अंगात माझ्या बापाची फाटकी बंडी, तोंडाला तव्याची काजळी. वरून पाणी पडायचं आणि त्याच्या बोटांतून गळून जायचं. तो हसायचा. बाकीची पोरंही हसायची.

“अरे, तू एकदा करून दाखव ना,” वसंत म्हणाला. “तुला तर येतंच.”

येतंच. मी बसलो. ओंजळ तोंडाला लावली. न थांबता गिळलं, कारण वाढणारा थांबत नाही, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. एक थेंब सांडला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या जन्मात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्या कशाला तर लाचारी बिनचूक केली म्हणून. कानशिलं तापली. तरीही मी हसलो. त्या हसण्याची लाज आजही वाटते.

आम्ही पुण्याच्या कॉलेजातले पाच जण. जर्मनीशी लढाई सुरू होती, कच्ची फिल्म मिळत नव्हती. वसंतच्या काकांकडे चावीचा कॅमेरा होता आणि तीन रिळं. तेवढ्यात दहा मिनिटांचं मूक चित्र काढायचं, अस्पृश्यतेवर. गोष्ट मी लिहिली होती. महारवाड्यातला एक मुलगा तहानलेला असतो. कुणी वरून पाणी वाढेल म्हणून वाट बघून बघून शेवटी स्वतः कट्ट्यावर चढतो, पोहरा सोडतो, पाणी काढून पितो. बस्स. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. मुलाचं काम मीच करायचं ठरलं. लोणावळ्याच्या गाडीत मला आनंदानं बसवत नव्हतं. लोणावळ्याजवळचं ते गाव माझं, विहीर माझ्या गावची, गोष्ट माझी.

मुक्काम वसंतच्या काकांच्या लोणावळ्यातल्या बंगल्यावर. बैठक व्हरांड्यात भरली. ते चौघे खुर्च्यांवर, मी पायरीवर. पायरीवर बस असं कुणी म्हणालं नाही. पाचवी खुर्ची मांडलीच नव्हती.

वसंत आदल्या दिवशी आमच्या गावच्या पाटलांना भेटून आला होता. विहीर वापरा, पण महारवाड्यातलं कुणी कट्ट्यावर चढायचं नाही, ही त्यांची अट. तो हो म्हणून आला होता. मला विचारावं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग शेवट बदलला. आता पाटलाच्या मनाला पाझर फुटतो आणि तो स्वतः त्या मुलाला पाणी वाढतो.

“मग बदललं काय?” मी विचारलं. “पाणी तर आजही वरूनच वाढतात.”

“आता प्रेमानं वाढतो,” वसंत म्हणाला. “आणि काम मधू करेल. तुझा चेहरा फार शांत आहे रे. दुःख दिसत नाही त्याच्यात.”

 पडद्यावर ‘कथा’ म्हणून माझं नाव येणार होतं. त्या नावासाठी गप्प बसलो. उगाच खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी मधूला ओंजळ शिकवणं चालू असतानाच विहिरीवर पाटील नवा फेटा बांधून आले. पाटलाचं काम आपणच करणार म्हणाले. खरा पाटील मिळाला म्हणून पोरं खूष. तांब्या घेऊन ते कट्ट्यावर उभे राहिले आणि हात गेला खांद्याच्या वर. खाली बसलेला मधू पुण्याच्या ब्राह्मणाचा मुलगा, हे त्यांना माहीत होतं. पण बंडी बघून हात उंचच.

“आबा, जरा खालून वाढा. माया दिसली पाहिजे,” वसंत म्हणाला.

“व्हय, व्हय,” म्हणत ते हात खाली आणत आणि पाणी ओतताना पुन्हा वर नेत. तीनदा झालं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तालीम थांबली की मात्र मधूला कट्ट्यावर बोलावून पितळी पेल्यातून पाणी देत. काजळीसकट. मला तहान लागली असेल हे कुणाच्या मनात आलं नाही.

पन्नास पावलांवर आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. रोज सकाळी पाटलांचा गडी त्यांना पाणी वाढायचा. आज विहीर आम्ही अडवली होती. ऊन डोक्यावर आलं. त्या बायकांत माझी आई होती.

“आबा, वाईच वाढा की,” तिनं लांबूनच हाक दिली. “सकाळधरनं उब्या हाय आमी.”

“थांब गं,” पाटील म्हणाले. “फोटू चाललाय.”

वसंतनं वळून पाहिलं. “त्या मागं दिसतायत. जरा बाजूला करतोस का?” तो मला म्हणाला.

मी केलं. स्वतःच्या आईला हातानं बाजूला केलं. ती परक्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली.

शेवटी ओंजळ जवळून घ्यायची होती. मधूचे हात फार मऊ दिसत होते. “हात तुझे घेऊ,” वसंत म्हणाला. “चेहरा येणार नाही, काळजी करू नकोस.”

मी बसलो. कॅमेरा घरघरू लागला. पाटलांनी हात उंच केला. पाणी पडलं आणि माझी कोपरं आपोआप आत गेली, मान आपोआप खाली गेली. मधूला सकाळभर शिकवून जे येईना, ते माझ्या हाडात बसलं होतं. माझा बाप असाच बसला. आजा असाच बसला. आणि मी कॉलेज शिकून तेच फिल्मवर कायमचं उतरवून देत होतो. पाटलांचा, वसंतचा संताप आला. जास्त संताप माझाच आला.

मी हात सोडले. पाणी मातीत गेलं.

“काय करतोस? फिल्म वाया गेली,” वसंत ओरडला.

“कॅमेरा तिकडे वळव.” मी बायकांकडे बोट दाखवलं.

“ते आपल्या गोष्टीत नाही.”

“गोष्ट माझी आहे. तिच्यात तेच आहे.” मी उठलो. पाटलांच्या डोळ्यांत बघून बोललो. “आबा, असं पाणी मी पुन्हा पिणार नाही. तुमच्या हातचं नाही, कुणाच्याच नाही.”

“लय शिकलास रं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून महारवाड्याचं पाणी बंद. बायका लांबच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. दोघीतिघींनी मला शिव्या घातल्या. त्यांचं बरोबर होतं. घागरी त्यांच्या डोक्यावर होत्या, मी पुण्यात होतो.

चित्र कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवलं. हात बंगल्याच्या माळ्याचे घेतले होते. पाटलांनी पाणी वाढलं तेव्हा लोक रडले. सरांनी चष्मा पुसला. ‘कथा’ म्हणून नाव वसंतचं. आयत्या बिळावर नागोबा. मी शेवटच्या रांगेतून उठून बाहेर आलो. त्या रडण्याची मला किळस आली.

शनिवारी गावी गेलो. पाटलांचा गडी आला, अंगणाबाहेरच उभा राहिला.

“आबा म्हनत्यात, पोराला घिऊन या. पाया पडला की पानी चालू.”

आई ओढ्यावरून नुकतीच आली होती. पाय सुजलेले. ती ‘पड’ म्हणाली असती तर मी पडलोही असतो, तिच्या पायांकडे बघून. तिनं घागर उतरवली, डोक्यावरची चुंबळ काढली.

“पाया पडलास तर ह्या घरात पाऊल टाकू नगंस,” ती म्हणाली.

मी दारात आलो.

“भाऊ, आबांना सांगा,” मी गड्याला म्हणालो, “उद्या सकाळी आमी दोर घिऊन येतोय. समदी. पानी आमच्या हातानं काढनार. वाढायला कुनी नको.”